सातबारा छापताना प्रिंटर काय बोलतो?

पाथर्डीतल्या आपले सरकार सेवा केंद्रात सातबाऱ्याचा उतारा प्रिंटरमधून बाहेर यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात संगणक आणि प्रिंटर यांच्यात बरीच देवाणघेवाण झालेली असते. कागद संपला, झाकण उघडं राहिलं, हे प्रिंटर उलट कळवत असतो. कोणी कधी आणि किती पाठवायचं, पोच कशी द्यायची, याचे नियम आधीच ठरलेले असतात. हेच प्रोटोकॉल.

मूळ अडचण वेगाची आहे. संगणक क्षणात पानभर मजकूर पाठवतो, कागद मात्र सावकाश सरकतो. प्रिंटरची छोटी मेमरी भरली की पुढची अक्षरं गळतात. अमेरिकेतल्या सेंट्रॉनिक्स कंपनीने 1970 च्या सुमारास आठ तारांवरून आठ बिट एकदम पाठवायची सोय केली. सोबतीला वेगळ्या तारा दिल्या: ‘स्ट्रोब’ म्हणजे घे, ‘बिझी’ म्हणजे थांब, ‘अ‍ॅक्नॉलेज’ म्हणजे मिळालं.

दुसरी जुनी पद्धत आरएस-232. इथे बिट एकामागून एक जातात.

पाथर्डी तालुक्यात आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. अशा साखर कारखान्यांच्या काट्यावर उसाची गाडी चढली की तिचं वजन संगणकाकडे जातं, ते बहुधा याच पद्धतीने. सेकंदाला 9600 बिटचा वेग धरला आणि आठ बिटच्या प्रत्येक अक्षराला सुरुवातीचा व शेवटचा बिट जोडला, तर सेकंदाला 960 अक्षरं पोचतात. पावती छापणाऱ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरला हा ओघ झेपत नाही. मग तो 19 क्रमांकाचा संकेत पाठवून संगणकाला थांबवतो आणि जागा झाली की 17 पाठवून पुन्हा सुरू करायला सांगतो.

मराठीने हे काम आणखी वाढवलं. अशा बहुतेक प्रिंटरांच्या पोटात इंग्रजी अक्षरंच असतात. जोडाक्षरं आणि वेलांट्या संगणकात जुळवून, ठिपक्यांचं चित्र करून पाठवावी लागतात. 24 सुयांच्या प्रिंटरला ठिपक्यांच्या एका उभ्या रेघेसाठी तीन बाइट लागतात. इंग्रजी ‘ए’ एका बाइटमध्ये जातो, तर 24 रेघा रुंदीच्या ‘क्ष’ला 72 बाइट लागतात. देवनागरी संगणकावर आणण्याचं मोठं काम पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ तंत्रज्ञानातून केलं. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक 1991 साली आलं.

आता अनेक केंद्रांत एकच प्रिंटर नेटवर्कवर चार संगणकांना पुरतो. तिथे टीसीपी हा प्रोटोकॉल माहितीच्या प्रत्येक तुकड्याची पोच घेतो, हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतो. 1999 साली मांडलेला इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल त्याही पुढे जातो: प्रत्येक कामाला क्रमांक देतो आणि ते रांगेत आहे, छापतंय की अडलंय, हे संगणकाला सांगतो.

म्हणून उतारा अडला की आधी लक्षण पाहावं. कागद हललाच नाही, तर केबल, नेटवर्क आणि प्रिंटरने पाठवलेला निरोप तपासावा. पानभर अनोळखी चिन्हं उमटली, तर जोडणी शाबूत असते. बिघाड बहुधा ड्रायव्हरमध्ये असतो: संगणक एका प्रिंटरची भाषा बोलतोय आणि समोर दुसराच आहे. जुन्या आरएस-232 जोडणीवर हेच झालं, तर दोन्हीकडचा वेग जुळतो का, हे आधी पाहावं.