चार दिवसांचे पथ्य, तीन महिन्यांचा हिशेब

अम्मींच्या रक्ततपासणीची तारीख जवळ आली की आमच्या घरात चार दिवस चहा बिनसाखरेचा होई. भात बंद, खजुरांचा डबा वरच्या फळीवर. पाचव्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचे, साखर १२०-१२५ आली की ‘अल्हम्दुलिल्लाह, आटोक्यात आहे’ म्हणायचे आणि संध्याकाळी फिरनी! कितीतरी वर्षे हे असेच चालले. मग एकदा, रमजानच्या दोन महिने आधी, डॉक्टरांनी एचबीए१सी ही तपासणीही लिहून दिली. उपाशीपोटीची साखर १२२ आणि एचबीए१सी ८.९. अम्मी म्हणाल्या, लॅबवाल्याने कुणा दुसऱ्याचे रक्त तपासले असेल.

लॅबचे काही चुकले नव्हते. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. रक्तात फिरणारी साखर त्याला चिकटते आणि चिकटलेली सहसा सुटत नाही. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणून ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास, ९ टक्के म्हणजे २१२. चार दिवसांच्या पथ्याने ती फारशी हलत नाही. अम्मींची सकाळची साखर ठीक होती, पण दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी घरी मोजली तर २६० निघाली. ती वेळ आम्ही कधी तपासलीच नव्हती.

सर्वसाधारणपणे ही तपासणी दर तीन महिन्यांनी, साखर स्थिर असेल तर सहा महिन्यांनी करतात. बहुतेकांसाठी ७ च्या आत हे उद्दिष्ट असते. फार वयस्क किंवा इतर आजार असलेल्यांना डॉक्टर थोडी मोकळीक देतात. आपल्या घरांतल्या बायकांनी एक लक्षात ठेवावे. अंगात रक्त कमी असेल, लोहाची कमतरता असेल, तर हा आकडा फसवा येऊ शकतो. हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांना दाखवावा.

अम्मींना सर्वांत जास्त धास्ती इन्सुलिनची. ‘ते लागले म्हणजे शेवट आला’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते, आणि ते चूक आहे. टाइप २ मधुमेहात सुरुवातीला इन्सुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला पूर्वीसारखी दाद देत नाही. पुढे वर्षे जातात तसे स्वादुपिंडही थकते. मग गोळ्या वाढतात, कधी इन्सुलिन लागते. त्यात रुग्णाला लाज वाटण्यासारखे काही नाही.

घरच्या ग्लुकोमीटरसाठी आधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा किंवा खजूर हाताळलेल्या बोटाचा थेंब घेतला तर आकडा खोटा चढतो. बोटाच्या मधोमध नव्हे, कडेला टोचावे, दुखते कमी. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी, पावसाळ्यात तर नक्कीच. आणि आकडा वहीत वेळेसकट लिहावा. वेळ नसलेला आकडा डॉक्टरांच्या फारसा उपयोगाचा नाही.

रमजानची तयारी दीड-दोन महिने आधीच डॉक्टरांकडे जाऊन करावी. डायलिसिसवर असलेल्यांना, नुकतीच साखर फार उतरून बेशुद्ध पडलेल्यांना, इन्सुलिन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांना डॉक्टर रोजा न ठेवण्याचाच सल्ला देतात. आजाऱ्याला शरीयतने सवलत दिलीच आहे. बोटाला टोचून साखर तपासल्याने किंवा कातडीखाली इन्सुलिन घेतल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य उलेमा सांगतात. मनात शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. पण मोजायचे टाळू नये. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा, मग मगरिबला कितीही कमी वेळ उरलेला असो.

हे आम्हाला नवव्या रोज्याला कळले. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर सहसा फार उतरत नाही, ग्लिमेपिराइडने मात्र उतरू शकते. अम्मींची ती गोळी डॉक्टरांनी सकाळऐवजी इफ्तारला घ्यायला सांगितली होती. त्यांनी सवयीने सहरीला घेतली. असरनंतर भजी तळताना त्यांचा हात थरथरू लागला, कपाळावर घाम. मीटरने ६४ दाखवले.

“तासभरच राहिलाय गं,” त्या म्हणाल्या.

धाकट्या भावाने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पेला त्यांच्या ओठांना लावला. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, ९२. थरथर थांबली होती, पण अम्मी रडत होत्या. आयुष्यात रोजा तोडला नव्हता त्यांनी. अब्बा गॅस बंद करून त्यांच्याजवळ खाली बसले आणि इफ्तारपर्यंत तिथेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून गोळ्यांची पाकिटे दोन डब्यांत गेली, एकावर सहरी, दुसऱ्यावर इफ्तार. तो रोजा अम्मींनी डॉक्टरांना विचारून डिसेंबरातल्या लहान दिवशी कजा केला. मीटर दिवसभर जानमाजशेजारी होता. वहीत त्या दिवसाचे चार आकडे आहेत. सर्वांत कमी ९८.