पान की कान?

मुलांनो, पत्र्याच्या वर्गात बसून धो धो पाऊस ऐकलाय कधी? आमच्या पालमला एरवी पावसाची वाट बघावी लागते. पण आला, की पत्र्यावर असा ताशा वाजतो, की विचारू नका! अशाच एका दिवशी मी श्रुतलेखन घेतलं. ‘पान’ म्हणालो, तर शेवटच्या रांगेतल्या एकानं लिहिलं ‘कान’. ‘पाट’चं केलं ‘ताट’. मी लाल फुल्या मारल्या आणि वर ओरडलो, “लक्ष कुठंय रे तुझं?” पोरगं गप्प.

घरी वही पुन्हा उघडली. ‘पान’चं ‘कान’ झालं होतं, ‘मान’ नव्हे. गोंगाटात प, त, क एकमेकांत मिसळतात. म, न मात्र त्यांच्यापासून वेगळे कळतात. अमेरिकेत मिलर आणि नाइसली यांनी १९५५ साली प्रयोगातून हेच दाखवलं होतं. म्हणजे पोराचं लक्ष होतं. जेवढं ऐकू आलं, तेवढं त्यानं लिहिलं!

किती कळेल हे मोजायची गरज टेलिफोनवाल्यांना पडली. तिथं हार्वे फ्लेचर यांच्यासारखे शास्त्रज्ञ एकाला अर्थ नसलेली अक्षरं वाचायला लावत आणि दुसऱ्याला लिहायला. अर्थ नसलेली का? अहो, ‘ताटात भात वाढ’ यातला ‘त’ बुडाला, तरी आपलं डोकं तो अंदाजानं भरून काढतं. मग कानाची परीक्षा कशी होणार?

पुढं १९४७ साली फ्रेंच आणि स्टाइनबर्ग यांनी याचं गणितच मांडलं. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत बोलण्याचे २० पट्टे पाडले. प्रत्येकाला सारखेच गुण. जो पट्टा गोंगाटात जितका बुडाला, तितके त्याचे गुण कापायचे. उरलेल्यांच्या बेरजेवरून आधीच सांगता येतं, की ऐकणाऱ्याला किती कळेल. गुणपत्रिकाच की! फरक एवढाच, की ती मुलाची नसते, जागेची आणि आवाजाची असते.

करून बघा. आईला मिक्सर लावून दहा सुटे शब्द सांगायला लावा, मग तेच शब्द वाक्यात. तुमचे गुण मोजा. पालकहो, शांत घरातही मूल असंच चुकत असेल, तर रागावू नका, कान तपासून घ्या.

आमच्या त्या पोराला मी उघडीप झाल्यावर तेच दहा शब्द पुन्हा घातले. नऊ बरोबर आले. दहावा त्याला खरंच येत नव्हता.