मोती आणि स्फटिक : दोन रत्नांची कुळकथा

महाराष्ट्रीय घरांतील दागिन्यांचा डबा उघडला, म्हणजे सोन्याच्या खालोखाल जो जिन्नस हातीं लागतो तो मोती होय. नथ, कुडी, तन्मणी, चिंचपेटी या अलंकारांची सारी शोभा मोत्यांवर अवलंबून असते. त्याच घरांत देवघराकडे वळलें, तर एखादी स्फटिकाची माळ आढळते. हीं दोन रत्नें नित्याच्या परिचयाचीं असलीं, तरी त्यांचें कूळ अगदीं भिन्न आहे. एक सजीव प्राण्याच्या पोटीं जन्मतें, तर दुसरें खडकाच्या पोकळींत. परंतु दोहोंच्याही बाबतींत ग्राहकापुढें एकच प्रश्न उभा राहतो : हें खरें कीं खोटें?

स्वाति नक्षत्रांतील पावसाचा थेंब शिंपल्यांत पडून त्याचा मोती होतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. शास्त्र सांगतें ती हकीकत निराळी. शिंपल्यांतील कालवाच्या मऊ देहावर एक पातळ आवरण असतें, व शिंपला घडविण्याचें काम त्या आवरणांतील पेशी करतात. एखाद्या परोपजीवी जीवामुळें किंवा इजेमुळें कांहीं पेशी देहाच्या आंत ढकलल्या गेल्या, म्हणजे त्यांची एक पिशवी बनते. आणि शिंपल्यास आंतून जो चकचकीत लेप असतो, तोच त्या या पिशवींत थरावर थर चढवूं लागतात. हे थर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच जातीचे असून एक सेंद्रिय द्रव्य त्यांस सांधून ठेवतें. एकेक थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. अशा अनेक थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, आणि त्यामुळें जाणकार ज्याला मोत्याचें ‘पाणी’ म्हणतात ती झांक उत्पन्न होते.

आपल्याकडे ज्यांना बसराई मोती म्हणतात, ते मुख्यतः इराणच्या आखातांतील होत. बहरीन, कुवेत येथील पाणबुडे उन्हाळ्याच्या मोसमांत नाकाला चिमटा लावून, पायाशीं दगड घेऊन दोरीनें तळ गांठीत, आणि मिनिटा-दीड मिनिटांत सांपडतील तेवढे शिंपले घेऊन वर येत. शेंकडों शिंपले फोडावे तेव्हां एखादा बरा मोती मिळावयाचा. मोसमाआधीं घेतलेली उचल बहुधा फिटत नसे, आणि पाणबुड्याच्या पश्चात् तें ऋण त्याच्या मुलाच्या माथीं येई. १९२० नंतरच्या दशकांत बहरीनमध्यें ही चाल बंद करण्यांत आली. आखातांतील मालाचा मोठा भाग मुंबईस येई. येथें त्याची प्रतवारी होई, वेज पाडलें जाई, सर ओवले जात, व मग ते पॅरिस-लंडनकडे रवाना होत. मोत्याची किंमत त्याच्या वजनाच्या वर्गाच्या हिशेबानें ठरे. वजन दुप्पट, तर किंमत चौपट. बडोद्याचे महाराज खंडेराव गायकवाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत बनविलेला मोत्यांचा गालिचा २००९ सालीं दोहा येथें पन्नास लाखांहून अधिक डॉलरांस विकला गेला, यावरून त्या वैभवाची कल्पना येईल.

या व्यापारास पहिला धक्का जपानांतून बसला. कोकिची मिकिमोटो यांनीं १८९३ सालीं शिंपल्यांत अर्धगोल मोती पिकविला. पुढें निशिकावा व मिसे यांच्या संशोधनानें पूर्ण गोल मोत्याची कृति सिद्ध झाली. शिंपल्याच्या कवचाचा गोल मणी आणि दुसऱ्या कालवाच्या आवरणाचा लहानसा तुकडा जिवंत कालवांत बसवावयाचा, व तें कालव पुन्हां समुद्रांत जोपासावयाचें, अशी ही रीत आहे. असे मोती १९२० नंतर युरोपच्या बाजारांत आले. १९२९ पासूनच्या जागतिक मंदीनें उरलेलें काम केलें. न्यूयॉर्कमधील कार्टिए या पेढीनें १९१७ सालीं मोत्यांच्या दुपदरी हाराच्या मोबदल्यांत एक आलिशान वाडा मिळविला होता. तोच हार १९५७ सालीं सुमारें दीड लाख डॉलरांस लिलावांत गेला. तेव्हां त्याची किंमत दहा लाख धरण्यांत आली होती! आखातांतील नावा रित्या पडल्या, व १९३२ सालीं बहरीनमध्यें खनिज तेल सांपडल्यावर पाणबुड्यांचीं मुलें तेलाच्या कामावर गेलीं. भारतांत १९७३ सालीं तुतिकोरिन येथें गोल मोती पिकविण्यांत यश आलें.

मग हा संवर्धित मोती खोटा म्हणावयाचा काय? मुळींच नाहीं. त्याचे थर कालवानेंच चढविलेले असतात. मनुष्यानें केवळ निमित्त पुरविलें. खोटा मोती तो, जो कांचेच्या मण्यावर चकचकीत लेप देऊन बनवितात. दांतांवर हलकेच घासलें असतां असली मोती किंचित् खरखरीत लागतो, कांचेचा गुळगुळीत. परंतु या कसोटीनें नैसर्गिक व संवर्धित असा भेद कळत नाहीं. त्यासाठीं क्ष-किरणांनीं आंतील रचना पाहावी लागते. दोष मोत्यांत नसतो, तर संवर्धित मोत्यास नैसर्गिक म्हणून विकणाऱ्याच्या जिभेंत असतो.

स्फटिकाची गोष्ट याहून सरळ आहे. सिलिकन व प्राणवायु यांच्या संयोगानें तो बनतो. प्राचीन ग्रीक लोक त्यास कायमचें गोठलेलें बर्फच समजत. दख्खनचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हारसापासून बनला. त्याच्या पोकळ्यांत झिरपलेल्या पाण्यांतून स्फटिक व अकीक सांचले. सोपारा येथील स्तूपांत १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना एकांत एक ठेवलेले करंडक मिळाले, त्यांत एक स्फटिकाचा होता. भडोचजवळील रतनपुरचा अकीक भाजून तांबडा करण्याची कला हडप्पा काळापासून चालत आलेली आहे. जांभळा ॲमेथिस्टही स्फटिकच. लोहाच्या अंशामुळें त्यास रंग येतो, आणि तापविल्यास तो बहुधा पिंवळा होतो. म्हणून पिंवळा खडा घेतांना, रंग उपजत आहे कीं भट्टींतला, हें विचारण्याचा ग्राहकास अधिकार आहे. कांच व स्फटिक ओळखावयाचा तर स्फटिक हातास अधिक गार लागतो, कांचेवर ओरखडा काढतो, आणि त्यांत कांचेसारखे हवेचे गोल बुडबुडे नसतात.

स्फटिकाचा एक गुण मात्र दागिन्यांत दिसत नाहीं. दाबल्यास त्यांत वीज उत्पन्न होते, हें पिएर व झाक क्यूरी या बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. याच गुणाच्या बळावर रेडिओ-केंद्राच्या लहरी ठरल्या मापांत राहूं लागल्या, व मनगटी घड्याळ सेकंदाला ३२,७६८ कंपनें मोजून वेळ दाखवूं लागलें.

जतनाच्या बाबतींतही दोहोंचा स्वभाव निराळा. स्फटिक कठीण, पण ॲमेथिस्टचा रंग तीव्र उन्हांत फिका पडतो. मोती मऊ, आम्ल, अत्तर व घाम हे त्याचे वैरी. म्हणून साजशृंगार आटोपल्यावर मोती शेवटीं ल्यावेत, उतरल्यावर मऊ फडक्यानें पुसावेत, आणि ओवलेला दोरा झिजण्यापूर्वीं बदलावा. आजीची नथ नातीपर्यंत पोंचते, ती अशा जपणुकीमुळें. पेढीवर तिचें मोल कितीही ठरो.