समजते, पण सुटत नाही

दरवर्षी बारावीनंतर परभणी जिल्ह्यातले बरेच विद्यार्थी अभियांत्रिकीकडे वळतात. कोणी परभणीतच, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतो, तर कोणी नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतो. जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या वर्गांत पुढे असणारी ही मुले. तरी पहिल्याच सत्रात यांतल्या काहींचे गणित किंवा मेकॅनिक्स 'राहते'. घरी सांगायची चोरी होते, आणि पुढच्या सत्राच्या अभ्यासावर मागच्या विषयाचे ओझे येते.

असे का व्हावे? दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्यांना इंग्रजी जड जाते, हे खरे. पण इंग्रजी माध्यमातून आलेल्यांचेही विषय राहतातच. आम्हाला वाटते, मोठे कारण अभ्यासाच्या सवयीत आहे. ही सवय आपल्याच वर्गांत लागलेली असते, म्हणून शिक्षकांशी हा विषय बोलायचा.

एक उदाहरण घेऊ. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरी धरण आहे. तेथील जलविद्युत केंद्रात 7.5 मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण क्षमता 22.5 मेगावॅट. प्रश्न असा : पाणी 30 मीटर उंचीवरून पडते आणि कार्यक्षमता 85 टक्के आहे असे समजा (हे दोन आकडे केवळ गणितासाठी धरले आहेत). तिन्ही संच पूर्ण चालवायला सेकंदाला किती पाणी लागेल?

शक्ती म्हणजे पाण्याची घनता, गुरुत्वत्वरण, प्रवाह, उंची आणि कार्यक्षमता यांचा गुणाकार. घनता 1000, गुरुत्वत्वरण 9.81, उंची 30 आणि कार्यक्षमता 0.85 यांचा गुणाकार सुमारे 2,50,000 येतो. म्हणजे सेकंदाला एक घनमीटर पाण्यामागे पाव मेगावॅट. 22.5 मेगावॅटला सुमारे 90 घनमीटर हवे.

हे वाचताना कुठे अडले का? बहुधा नाही. विद्यार्थीही पुस्तकातले सोडवलेले गणित असेच वाचतो, मान डोलावतो आणि पान उलटतो. पुस्तक मिटून तेच गणित कोऱ्या कागदावर मांडायला सांगा. कार्यक्षमतेने गुणायचे की भागायचे, येथेच पेन थांबते. दुसऱ्याने दाखवलेली वाट ओळखणे आणि स्वतः वाट काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षा दुसरीची असते, अभ्यास मात्र पहिलीचा होतो.

याविषयी चांगले प्रयोग झाले आहेत. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा त्यांनी एकदा वाचून दुसऱ्या वेळी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला : 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने मात्र दोनदा वाचलेल्या उताऱ्यातले 42 टक्केच आठवले, आठवून लिहिलेल्यातले 56. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेले वाचन का फसवते, ते यावरून कळते. वाचल्या वाचल्या सगळे येते आहे असेच वाटते.

हा झाला उताऱ्याचा प्रयोग. गणिताचे काय? रोहरर आणि टेलर यांनी 2007 साली चार घनाकृतींच्या घनफळांची उदाहरणे दिली. एका गटाला एका प्रकारची सगळी उदाहरणे, मग दुसऱ्या प्रकारची. दुसऱ्या गटाला सगळी मिसळून. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची 89 टक्के उत्तरे बरोबर, मिसळीच्या गटाची 60 टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत पहिला गट 20 टक्क्यांवर घसरला, मिसळीचा गट 63 टक्क्यांवर राहिला! कारण उघड आहे. उदाहरणसंग्रह 4.2 सोडवताना कोणते सूत्र लावायचे, हे शीर्षकच सांगते. अभियांत्रिकीच्या प्रश्नावर असे शीर्षक नसते; आकृती काढून, बले दाखवून, कोणता नियम लागू पडतो ते स्वतःच ठरवावे लागते. म्हणून घटक चाचणीत मागच्या दोन घटकांची उदाहरणे बेमालूम घुसडणे हा अकरावी-बारावीच्या शिक्षकाला बिनखर्चाचा उपाय आहे. गुण थोडे उतरतील, पालक तक्रारही करतील.

आणखी एक गोष्ट एकट्याने अभ्यास करण्याची. 1970 च्या दशकात बर्कली येथे उरी ट्रायसमन यांना दिसले, की कलनशास्त्रात मागे पडणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण अभ्यास एकेकटे करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी गटाने बसून एकमेकांची उत्तरे तपासत. मग ट्रायसमन यांनी कठीण गणिते गटाने सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि निकाल सुधारले. सोनपेठ-पालमहून पुण्याच्या वसतिगृहात गेलेला मुलगाही आपली शंका उघडी पडेल या भीतीने खोलीत एकटाच बसतो. वरच्या वर्गाच्या फाईलवरून जर्नल उतरवणे म्हणजे मात्र गटाने अभ्यास नव्हे. त्यात फक्त हात चालतो.

दिवाळीच्या सुटीत असे माजी विद्यार्थी शाळेत भेटायला येतात. चौकशी झाली, की एखाद्याला कोरा कागद द्या आणि येलदरीचे गणित उलटे घाला : उंची आणि कार्यक्षमता तीच, पाणी मात्र सेकंदाला 60 घनमीटरच मिळते, तर किती संच पूर्ण क्षमतेने चालतील? आकृती आणि एकके लिहिल्याशिवाय आकडेमोड करू देऊ नका. उत्तर सुमारे 15 मेगावॅट यायला हवे, म्हणजे तीनपैकी दोन संच.