अठरा वर्षांनंतरचे घर

सातपुड्याच्या पायथ्याशी, अमरावती जिल्ह्यातील परतवाड्यानजीक वझ्झर नावाचे लहानसे गाव आहे. श्री. शंकरबाबा पापळकर यांनी येथे स्व. अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने मतिमंद व मूकबधिर बेवारस मुलांसाठी बालगृह उभारले. रेल्वे स्थानकावर वा उकिरड्यावर टाकून दिलेली अनेक मुले येथे वाढली. ‘पापळकर’ हेच त्यांचे आडनाव झाले आणि कागदोपत्री पित्याच्या जागी शंकरबाबांचे नाव लागले. या कार्याबद्दल २०२४ साली त्यांना ‘पद्मश्री’ जाहीर झाली.

निराधारांना आश्रय देण्याची परंपरा वऱ्हाडला नवी नाही. संत गाडगे महाराजांची ही जन्मभूमी. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली अमरावतीजवळ ‘तपोवन’ उभारून कुष्ठरुग्णांना हक्काचे स्थान दिले. वझ्झरचे बालगृह याच परंपरेतील होय.

अहोरात्र शुश्रूषा

तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाचा सांभाळ म्हणजे केवळ अन्न, वस्त्र आणि निवारा नव्हे. मेंदूच्या पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या मुलाची कूस दर दोन तासांनी, रात्रीदेखील, बदलावी लागते. अन्यथा पाठीस जखमा होतात. त्याला बसते करून सावकाश भरवावे लागते, कारण घास श्वासनलिकेत गेल्यास जिवावर बेतते. अपस्माराच्या औषधाची वेळ चुकवून चालत नाही. सांधे आखडू नयेत म्हणून नित्य व्यायाम द्यावा लागतो. बोलता न येणाऱ्या मुलाची वेदना ओळखण्यास त्याच्या सवयी जाणणारे माणूसच जवळ असावे लागते. अशी ओळख वर्षानुवर्षांच्या सहवासातूनच निर्माण होते.

वयाची मर्यादा

बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये निराधार दिव्यांग बालकास काळजी व संरक्षणाचा हक्क आहे. तथापि, अठरा वर्षे पूर्ण होताच ते कायद्याच्या दृष्टीने बालक राहत नाही. त्यानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची तरतूद आहे. परंतु तिचा हेतू तरुणास स्वावलंबी करून समाजात पाठविणे हा आहे. नियमामागे कारणही आहे. प्रौढ व्यक्ती आणि लहान बालके एकाच छताखाली असल्यास बालकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न उद्भवतो.

मात्र ज्याची आकलनशक्ती चार वर्षांच्या मुलाएवढीच आहे, ज्याला स्वतःच्या हाताने जेवता येत नाही आणि ज्याचे म्हणून जगात कोणी नाही, त्याने अठराव्या वाढदिवसानंतर जावे कोठे? शंकरबाबांनी वयात आलेल्या आपल्या मुलांना बाहेर पाठविण्यास नकार दिला आणि अशा दिव्यांगांना आजीवन पुनर्वसनाचा हक्क देणारा कायदा व्हावा, अशी मागणी सातत्याने लावून धरली.

उपलब्ध मार्ग

या दिशेने काही तरतुदी अस्तित्वात आहेत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ हा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी आहे. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमू शकते. आईवडील, नातेवाईक तसेच नोंदणीकृत संस्था यांना त्यासाठी अर्ज करता येतो. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, तर ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या आजीवन निवासासाठी आखण्यात आली. दिव्यांगांसाठी राज्यात २०२२ साली स्वतंत्र विभागाची घोषणा झाली.

अकोला व अमरावती जिल्ह्यांतील ज्या पालकांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी ते सज्ञान होताच पालकत्वाचा अर्ज करावा. ‘आमच्या पश्चात याचे कसे?’ या त्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. टाकून दिलेले वा निराधार मूल आढळल्यास नागरिकांनी १०९८ या क्रमांकावर कळवावे.

उर्वरित निम्मे उत्तर निवासाचे आहे. बालगृहालगतच, परंतु स्वतंत्र व्यवस्थेत, प्रौढांची छोटी निवासगृहे उभी राहिली, तर बालकांची सुरक्षितता जपली जाईल आणि प्रौढ झालेल्यांना ओळखीच्या माणसांचा हातही सुटणार नाही. वय वाढले म्हणून मुलाची गरज संपत नाही, हे वझ्झरने दाखवून दिले आहे. त्या अनुभवाला कायद्याची व निधीची भक्कम जोड मिळणे अगत्याचे आहे.