एका डोंगराचे दोन शेजारी
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, बेळगावहून चोर्ला घाटाच्या वाटेने गोव्याकडे निघालेला प्रवासी खानापूर तालुक्यातील कणकुंबी या गावातून जातो. गाव लहान आहे, परंतु त्याचे स्थान मोठे विलक्षण आहे. येथील माउली देवीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेकडे वळते आणि सुमारे तीनशे किलोमीटरांचा प्रवास करून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. महात्मा बसवेश्वरांच्या स्मृतीने पावन झालेले क्षेत्र ते हेच. याच गावाच्या परिसरात उगम पावणारा कळसा नाला मात्र पश्चिमेची वाट धरतो. तो म्हादईला मिळतो. म्हादई गोव्यात मांडवी होते आणि संत फ्रान्सिस झेविअर यांचे अवशेष जेथे जपले आहेत त्या जुन्या गोव्यावरून वाहत जाऊन सागराला मिळते. म्हणजे एकाच डोंगरावर, एकाच सरीत पडलेल्या पावसाचा एक थेंब बसवेश्वरांच्या संगमाला जातो, तर दुसरा झेविअरच्या दारावरून पुढे जातो.

आज मला बोलावयाचे आहे ते कॅथलिक धर्मग्रामाच्या जीवनात निसर्गाच्या राखणीला कोणते स्थान आहे याविषयी. त्यासाठी कणकुंबीहून अधिक समर्पक ठिकाण मला सुचले नाही.

प्रथम ‘धर्मग्राम’ या शब्दाचा विचार करू. एका मंदिराभोवती राहणाऱ्या, एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील श्रद्धावंतांचा समुदाय, असा त्याचा रूढ अर्थ. इंग्रजीत यासाठी ‘पॅरिश’ हा शब्द आहे. त्याचे मूळ ‘पारोइकिया’ या ग्रीक शब्दात आहे. परक्या भूमीवर वस्तीस असणे, हा त्या शब्दाचा आशय. जुन्या करारातील लेवीय या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या प्रजेला बजावतो, की भूमी माझी आहे, तुम्ही तिच्यावरचे उपरे आणि पाहुणे आहात. त्या ग्रंथाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘पाहुणे’ या अर्थी याच कुळातील शब्द आला आहे. तेव्हा धर्मग्राम या कल्पनेतच ‘आपण येथले मालक नव्हे’ ही जाणीव गोवलेली आहे. पाहुण्याने यजमानाचे घर आले तसेच, किंबहुना अधिक नीटनेटके, मागे ठेवावे, हा तर आपल्याकडील साधा शिष्टाचार!

ही जाणीव नवी आहे असेही कोणी समजू नये. फ्रान्समधील व्हिएन या नगरीचे बिशप मामेर्तुस यांनी पाचव्या शतकात स्वर्गारोहणाच्या सणापूर्वी तीन दिवस प्रार्थनेच्या मिरवणुका काढण्याचा प्रघात पाडला. पुढे या मिरवणुका शेताशेतांतून निघू लागल्या आणि पिकांवर आशीर्वाद मागितला जाऊ लागला. गोव्यात पहिली कणसे मंदिरात नेऊन अर्पण करण्याचा सण आजही होतो. ठाणे, वसई, मुंबईकडील ख्रिस्ती समाजात त्यालाच ‘आगेरा’ म्हणतात. शेतकऱ्याची श्रद्धा आणि शेतकऱ्याची माती यांची फारकत कधी झालीच नव्हती. ती आपण केली, शहरात येऊन, नळाची तोटी फिरवून.

या विसरलेल्या नात्याची आठवण पोपमहाशयांनी वारंवार करून दिली आहे. दुसरे जॉन पॉल यांनी 1979 साली असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाच्या उपासकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ हे परिपत्र काढले आणि पृथ्वीला आपणा सर्वांचे सामाईक घर म्हटले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे एकच आहेत, हा त्या पत्राचा गाभा. त्याच वर्षी 1 सप्टेंबर हा सृष्टीच्या राखणीसाठी प्रार्थनेचा दिवस ठरविण्यात आला. त्या दिवसापासून 4 ऑक्टोबर, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंतचा काळ अनेक ख्रिस्ती पंथ मिळून सृष्टीचा काळ म्हणून पाळतात.

परंतु रोममध्ये लिहिलेले पत्र आपल्या अंगणात कसे उतरावयाचे? याचे मराठी भाषेतील एक ठळक उदाहरण वसईचे आहे. केळी, फुले, भाजीपाला आणि गोड्या पाण्याच्या विहिरी, ही वसईची जुनी संपत्ती. बांधकामाचा लोंढा तिकडे वळला तेव्हा विहिरींचे पाणी टँकरांनी बाहेर जाऊ लागले आणि समुद्राचे खारेपण आत शिरण्याचे भय उभे राहिले. त्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याचे नेतृत्व केले. त्या लढ्यात केवळ ख्रिस्ती नव्हते. विहिरीला धर्म नसतो, हे वसईकरांना ठाऊक होते. हेच दिब्रिटो 2020 साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 2024 साली त्यांचे निधन झाले. व्यासपीठावरचा उपदेश आणि विहिरीच्या काठावरचे काम ही एकाच सेवेची दोन अंगे आहेत, हा धडा त्यांनी मागे ठेवला.

आता पुन्हा कणकुंबीकडे वळू. येथील प्रश्न वसईहून अवघड आहे. कळसा आणि बंडुरी या नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवावे अशी कर्नाटकाची योजना आहे. हुबळी-धारवाडला पिण्याचे पाणी मलप्रभेचे मिळते, आणि ते पुरत नाही. पाणी वळविल्यास म्हादई क्षीण होईल, खाडीचे खारे पाणी वर चढेल आणि अरण्ये सुकतील, असे गोव्याचे म्हणणे आहे. म्हादई जलविवाद लवादाने 2018 साली निवाडा दिला. त्यात कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 अब्ज घनफूट पाणी आले आणि त्यातील 3.9 अब्ज घनफूट मलप्रभेकडे वळविण्यासाठी होते. गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 अब्ज घनफूट मिळाले. निवाड्यानंतरही तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली.

या वादात ख्रिस्ती मनुष्याने कोणती बाजू घ्यावी? 1953 साली स्थापन झालेल्या बेळगाव धर्मप्रांतातही श्रद्धावंत आहेत आणि घाटाखाली गोव्यातही आहेत. दोघेही रविवारी एकच प्रार्थना म्हणतात आणि दोघांनाही तहान लागते. पाण्याची वाटणी करणे हे न्यायालयाचे काम आहे, धर्मगुरूचे नव्हे. परंतु ज्या डोंगरातून ते पाणी येते त्याची राखण करण्यासाठी कोणत्याही निवाड्याची वाट पाहावी लागत नाही. अरण्य तुटले, तर वाटणीला उरणार काय? झाडांच्या मुळांनी आणि पालापाचोळ्याच्या थराने पावसाचे पाणी जमिनीत मुरते, आणि मुरलेले तेच पाणी उन्हाळ्यात झऱ्यांवाटे बाहेर येते. डोंगर उघडा पडला, की तोच पाऊस चार दिवसांत गढूळ लोंढा होऊन निघून जातो. आपल्या पूर्वजांनी देवराया राखल्या त्या उगाच नव्हेत. देवाच्या नावाने कुऱ्हाड थांबविण्याची ती युक्ती होती आणि तिचा आदर कोणत्याही धर्माच्या मनुष्याने करावा.

मग धर्मग्रामाने काय करावे? थोड्याच गोष्टी सांगतो. मंदिराचे छप्पर मोठे असते. शंभर चौरस मीटर छपरावर एक मीटर पाऊस पडला, तर एक लाख लिटर पाणी होते. गळती आणि उडून जाणे यांचा पाचवा हिस्सा वजा केला, तरी ऐंशी हजार लिटर उरते. घाटमाथ्यावर तर पाऊस एका मीटरवर थांबत नाही. हे पाणी पन्हळीने टाकीत किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडावे. स्मशानभूमीच्या कडेने परदेशी शोभेची झाडे न लावता जांभूळ, फणस, भिरंड, हिरडा ही येथलीच झाडे लावावीत. बाप्तिस्म्याच्या दिवशी बालकाच्या नावाने एक रोप लावावे, आणि पहिल्या पवित्र मिस्सेपर्यंत ते जगविणे हे त्याच्या आईवडिलांचे व्रत असावे. फेस्ताच्या जेवणावळीत पत्रावळी आणि धुऊन घेण्याची भांडी वापरावीत. उपवासकाळात मांसाबरोबर उधळपट्टीचाही त्याग करावा.

या गोष्टी लहान आहेत, हे मला मान्य आहे. त्यांनी न्यायालयातील वाद मिटणार नाही. परंतु घाटावरच्या धर्मग्रामाने राखलेले झाड घाटाखालच्या अनोळखी शेजाऱ्याच्या विहिरीला पाणी देते. ज्याचे तोंडही आपण कधी पाहणार नाही, त्याच्यासाठी केलेल्या या सेवेहून शेजारधर्माची कसोटी ती आणखी कोणती?

पुढील पावसाळ्यात कणकुंबीवरून जाण्याचा योग आला, तर गाडी क्षणभर थांबवा. ती सर कोठे पडते हे पाहा आणि कोठे जाणार आहे याचा विचार करा. एवढे सांगून आपली रजा घेतो.