शेजाऱ्याला वाढू न देणारं गवत

पावसाळ्याचे पहिले काही आठवडे सरले, की मोकळे प्लॉट, रस्त्याच्या कडा, रेल्वेरुळांच्या बाजू आणि शेतांचे बांध एकाच प्रकारच्या हिरवाईने भरून जातात. गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली पानं आणि महिना-दीड महिन्यात दिसू लागणारी बारीक पांढरी फुलं. कुणी याला गाजर गवत म्हणतं, कुणी काँग्रेस गवत, तर कुणी चटकचांदणी. खरं तर हे गवत नाहीच. सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांच्या कुळातली ही वनस्पती आहे आणि तिचं शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस.

हे तण जिथे दाट माजतं, तिथे दुसरं फारसं काही उगवत नाही. त्याच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीबरोबरच यामागे रसायनांचाही हात असतो. त्यातलं प्रमुख रसायन माणसाच्या त्वचेलाही सोडत नाही. या दिवसांत गावोगावी आणि शाळांमधून गाजर गवत उपटण्याच्या मोहिमा निघतात. अनेकदा उघड्या हातांनीच. म्हणूनच हे रसायन नेमकं काय करतं, हे माहीत असायला हवं.

झाडांचं रासायनिक शेजार

एका वनस्पतीने सोडलेल्या रसायनांचा आजूबाजूच्या वनस्पतींच्या वाढीवर परिणाम होतो, त्याला अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात. नाव अ‍ॅलोपॅथीसारखं वाटलं, तरी औषधोपचाराशी त्याचा संबंध नाही. ‘एकमेकांना’ आणि ‘सोसणं’ अशा अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून हान्स मोलिश या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३७ मध्ये तो शब्द तयार केला. अनुभव मात्र फार जुना आहे. अक्रोडाच्या झाडाखाली इतर झाडं नीट वाढत नाहीत, हे रोमन लेखक प्लिनी याने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडात सापडणारं जुग्लोन हे अशा रसायनाचं प्रसिद्ध उदाहरण. आपली ज्वारीही यात मागे नाही. तिच्या मुळांवरच्या सूक्ष्म केसांतून सोर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य पाझरतं आणि जवळच्या तणांच्या कोवळ्या रोपांची वाढ रोखतं.

अशी रसायनं मातीत पोहोचण्याच्या वाटा साध्या असतात. पावसाचं पाणी ती पानांवरून धुऊन खाली आणतं, मुळं ती पाझरतात आणि गळलेला पाला कुजताना ती मोकळी होतात. काही वनस्पतींची द्रव्यं वाफेच्या रूपात हवेतूनही पसरतात.

पुण्यातली नोंद

गाजर गवत मूळचं उष्ण कटिबंधीय अमेरिकेतलं. भारतात तण म्हणून त्याची ठळक नोंद झाली ती पुण्यात, १९५५ साली, कचऱ्याच्या ढिगांवर. अमेरिकेच्या ‘पीएल-४८०’ योजनेतल्या गव्हाबरोबर त्याचं बी आलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण त्या योजनेखालचा भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला आहे, म्हणजे पुण्यातल्या नोंदीनंतरचा. बी धान्याबरोबर आलं असेल, तर ते त्याआधी आयात झालेल्या धान्याबरोबर आलं असणार.

आल्यानंतर मात्र ते देशभर पसरलं. एका मोठ्या झाडाला १५ ते २५ हजार बिया येऊ शकतात. बी हलकं असल्यामुळे वारा, पाणी, गाड्यांची चाकं आणि शेणखत यांबरोबर ते सहज फिरतं. ओल मिळाली की वर्षातल्या कोणत्याही ऋतूत ते रुजतं.

पार्थेनिनचं काम

या झाडाच्या पानांवर, खोडावर आणि फुलांवर बारीक लव असते. त्या लवेत पार्थेनिन नावाचं कडू रसायन साठलेलं असतं. जनावरांनी हे गवत खाल्लं तर दुधाला कडवटपणा येतो, तोही त्याच्यामुळेच. पार्थेनिन आणि त्याच्या जोडीची फेरुलिक, कॅफिक यांसारखी आम्लं इतर बियांचं रुजणं आणि कोवळ्या मुळांची वाढ मंदावतात. कडधान्यांच्या मुळांवर नत्र साठवणाऱ्या गाठी कमी होतात, असंही प्रयोगांत दिसलं. १९८० च्या सुमारास बंगळुरूच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. या गवताचे परागकण दुसऱ्या पिकांच्या फुलांवर पडले, तर फळधारणा घटू शकते.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. प्रयोगशाळेत पानांचा दाट अर्क थेट बियांवर घातला जातो. शेतातल्या मातीत मात्र जिवाणू पार्थेनिनचं बऱ्यापैकी लवकर विघटन करतात. त्यामुळे या तणाच्या दादागिरीचं सगळं श्रेय रसायनांना देता येत नाही. लवकर उगवून ऊन, पाणी आणि जागा बळकावण्याची त्याची क्षमताही तितकीच महत्त्वाची आहे.

त्वचेवरचा परिणाम

माणसाच्या बाबतीत मात्र पार्थेनिनचा दोष स्पष्ट आहे. त्याच्या रेणूचा एक भाग प्रथिनांमधल्या गंधकयुक्त गटाला चिकटतो. वनस्पतींच्या पेशींनाही बऱ्याच अंशी याच गुणधर्मामुळे इजा होते, असं मानलं जातं. आपल्या त्वचेतल्या प्रथिनांना ते चिकटलं, की काहींची रोगप्रतिकारक यंत्रणा त्याला शत्रू समजू लागते. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी असे रुग्ण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातच नोंदवले होते.

ही अ‍ॅलर्जी पहिल्याच स्पर्शाला दिसत नाही. कित्येक महिने किंवा वर्षं संपर्क येत राहिल्यावर शरीर संवेदनशील बनतं. त्यानंतर प्रत्येक संपर्कानंतर साधारण एक-दोन दिवसांनी खाज, लाली आणि पुरळ येतं. म्हणून ‘मी दरवर्षी उपटतो, मला काही होत नाही’ या अनुभवावर विसंबून राहू नये. एकदा संवेदनशीलता आली, की ती सहसा जात नाही.

गवताला हात लावलाच पाहिजे असंही नाही. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर येऊन अंगावर बसतो. त्यामुळे पापण्या, चेहरा, मान आणि कोपराच्या आतल्या घड्या या जागी त्रास जास्त दिसतो. उघड्या भागावर पुरळ येत असल्याने अनेकांना ते उन्हामुळे झालं असं वाटतं. काहींमध्ये पुढे खरोखरच ऊनही सोसेनासं होतं. परागकणांमुळे शिंका, नाक वाहणं आणि दमा बळावणं हा वेगळा त्रास. शेवंती आणि सूर्यफूल एकाच कुळातली असल्याने काही रुग्णांना त्यांचाही त्रास होतो.

दर पावसाळ्यात किंवा त्यानंतर असं पुरळ परत येत असेल, तर दुकानातून परस्पर मलम आणून लावत राहू नये. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करून कारण नक्की करू शकतात. औषधाने त्रास आटोक्यात येतो. पण संपर्क टाळणं हाच मुख्य उपचार.

उपटायचं, पण कसं?

हे तण काढायलाच हवं. त्यासाठी काही पथ्यं पाळावीत:

- फुलं येण्यापूर्वी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावं. फुलं आल्यावर उपटलं, तर बी आणि पराग आपल्याच हाताने पसरतात.
- हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि तोंडाला मास्क किंवा रुमाल असावा. काम झाल्यावर अंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत.
- पुरळ, दमा किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी मोहिमेत उतरू नये. शाळांनी विद्यार्थ्यांना उघड्या हातांनी हे काम देऊ नये.
- फुलं न आलेल्या झाडांचं कंपोस्ट करता येतं.

शेजाऱ्याला रोखण्याची हीच युक्ती या तणावर उलटवताही येते. पावसाळ्यात ज्याची भाजी आपण खातो तो टाकळा, म्हणजेच तरोटा, पडीक जागेत दाट उगवला की गाजर गवताला वर येऊ देत नाही. टाकळ्याच्या नात्यातल्या एका वनस्पतीवर कर्नाटकात प्रयोग झाले. तिच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांनी गाजर गवताचं रुजणं घटतं, असं त्यांत आढळलं. हिवाळ्याच्या सुरुवातीला टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगा गोळा करून ठेवायच्या आणि पुढच्या पावसाआधी बी पडीक जागेत विस्कटायचं. शेतात मात्र नको, कारण तिथे टाकळाही तणच ठरतो. १९८० च्या दशकात मेक्सिकोहून आणलेले झायगोग्रामा भुंगेरेही पावसाळ्यात या झाडांची पानं फस्त करतात.

एका मोहिमेने हे गवत संपणार नाही, कारण मातीत पडलेलं बी काही वर्षं टिकून राहतं. पण दरवर्षी फुलं येण्याआधी काढत राहिलं, तर नवं बी पडणं थांबतं. आपल्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर अजून पांढरी फुलं दिसत नसतील, तर हातमोजे घालून बाहेर पडायची हीच वेळ आहे.